अत्तरदाणीचा संशय

आल्यागेल्याच्या मनगटाला अत्तर लावल्याशिवाय त्याला घरी जाऊ देत नसत, त्या काळातली ही गोष्ट. एका कपाटात चांदीची अत्तरदाणी होती. आतलं अत्तर केव्हाच संपलं होतं. मोगऱ्याच्या सुगंधाचा एक कण तेवढा तिच्या आतल्या अंगाला चिकटून राहिला होता.

अत्तरदाणीचा त्याच्यावर भरवसा नव्हता. "तुझे सगळे भाऊबंद झाकण उघडताच पळाले. तूही जाणार," असं ती त्याला उठताबसता ऐकवायची.

"आक्का, जायचंच असतं तर केव्हाच गेलो असतो," कण म्हणायचा आणि आणखी घट्ट बिलगायचा.

पुढे घरात लग्न निघालं. सुनेने अत्तरदाणी पुसायला काढली आणि झाकण उघडून खिडकीत ठेवली. वारा आत डोकावून गेला, पण कण जागचा हलला नाही. मग ऊन आलं. चांदी आतून झळाळली, तिच्या अंगावर शहारा आला आणि त्याच क्षणी कण सुटून हवेत गेला.

"बघ, गेलास ना शेवटी!" अत्तरदाणी ओरडली. मग ती उन्हावर उखडली. "तूच फूस लावलीस त्याला!"

"मी त्याला हातही लावला नाही," ऊन म्हणालं. "मी तुझ्यावर पडलं. शहारलीस तू, आणि पकड सुटली तीही तुझीच."



खिडकीपाशी सून थबकली. "अगंबाई, मोगरा!" म्हणाली, आणि अंगणात फुलं शोधायला गेली.