पाहुण्या देवाचा दिवा

ऐका पाहुण्या देवा, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत धरा आणि मन इकडं द्या.

नदीच्या वळणावर एक आटपाट नगर वसलं होतं. तिथं एक राजा होता, त्याला एक राणी होती. राणीचं नाव हेमाई. नगरात देव पुष्कळ. कुंभारांची मरीआई, कोळ्यांच्या साती आसरा, धनगरांचा बिरोबा. कोणाला शेंदूर लागे, कोणाला भंडारा, कोणाला नुसतं ओंजळभर पाणी पुरे.

हेमाई सासरी निघाली तेव्हा तिच्या आईनं तिला एक वसा दिला. हेमाईनं विचारलं, "ह्या वशाला काय करावं?" आई म्हणाली, "पुनवेला दारी पाहुणा येईल. त्याला पाय धुवायला पाणी द्यावं. त्याच्या देवाचं नाव विचारावं. त्या नावानं दिवा लावावा, पाहुण्याला जेवूं घालावं. मग आपल्या देवापुढं दिवा लावावा. उतूं नये, मातूं नये, घेतला वसा टाकूं नये."

राणीनं वसा घेतला. पुनवेला धनगर आला, राणीनं बिरोबाचा दिवा लावला. पुनवेला कुंभार आला, राणीनं मरीआईचा दिवा लावला. पुनवेला कोळी आला, राणीनं साती आसरांचा दिवा लावला. राज्यात पीकपाणी बरं होतं. राणीला एक लेक झाली, मालन तिचं नाव. लेक वाढली, उजवली, सासरी गेली.

मग एके वर्षी काय झालं? जत्रेच्या दिवशी कुंभारांची पालखी आणि कोळ्यांची पालखी घाटावर समोरासमोर आली. हे म्हणाले, आमची पुढं. ते म्हणाले, आमची पुढं. शब्दानं शब्द वाढला, रेटारेटी झाली. नागोजी कोळी पायऱ्यांवरून घसरला, डोकं आपटलं, पाण्यात गेला. पोहणारा गडी, पण वर आला नाही. त्याची बायको बयजा ओल्या लुगड्यानं घाटावर बसून राहिली.

राजा हळहळला. त्यानं अन्न टाकलं. मग म्हणाला, "देव अनेक, म्हणून भांडणं अनेक. आजपासून नगराला देव एकच. घरोघरचे टाक, मूर्ती, मुखवटे आणा. सगळे वितळवा, एक मोठी मूर्ती ओता. दुसऱ्या देवाचं नाव जो घेईल त्याला नगराबाहेर काढीन."

राणीला वसा आठवला. पण ती मनात म्हणाली, "माणसं मरण्यापेक्षा हे बरं." तिनं आपल्या देव्हाऱ्यातले टाक आधी दिले. दिवा विझवला, वात काढून टाकली. पुनव आली, पाहुणा दारावरून गेला. राणीनं त्याला हाक मारली नाही.

शिपाई घरोघर फिरले. बाया रडल्या, पण टाक दिले. भट्टी पेटली, सगळे देव एका रसात आले. मोठी मूर्ती उभी राहिली. पण तिला चेहरा कोणाचा द्यावा? कोणी म्हणे असा, कोणी म्हणे तसा. शेवटी चेहरा कोराच राहिला. लोक येत, हात जोडत, उभे राहत. काय मागावं ते कोणाला सुचत नसे.

इकडं मालन पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरले, कळा सुरू झाल्या. पण पोर अडलं. वाड्यात धावाधाव झाली.

राणीनं कुंभारवाड्यातली सुईण बोलावली. सुईण आली, उंबऱ्याशीच थांबली. म्हणाली, "बाईसाहेब, हात माझे, पण हाताला बळ मरीआईचं. तिचं नाव न घेता मी कधी बाळाला हात लावला नाही. नाव घेतलं तर राजा घर सोडायला लावील." ती रडत माघारी गेली.

राणीनं कोळीवाड्यातली सुईण बोलावली. ती आली, तिनं मालनच्या पोटावर हात ठेवला. लगेच मागं घेतला. म्हणाली, "आई, मला आसरांवाचून धीर येत नाही. भ्यालेल्या हातानं तुमच्या लेकीला काही झालं तर?" तीही गेली.

मग दासी म्हणाली, "वेशीबाहेर उंटवाल्या व्यापाऱ्यांचा तळ पडलाय. त्यांच्यात एक सुईण आहे, हन्ना नावाची. त्यांचा देव एकच, त्याला मूर्तीसुद्धा नाही."

राणी म्हणाली, "हे बरं झालं. तिला राजाच्या हुकुमाची अडचण नाही." ती स्वतः चालत तळावर गेली. तिनं पदर पसरला, हन्नाला घेऊन आली.

हन्नानं हातपाय धुतले, मालनला पाहिलं. मग तिची नजर रिकाम्या देव्हाऱ्याकडं गेली. तिनं विचारलं, "इथं काय होतं?"

राणी म्हणाली, "आमचे देव होते. आता आमचाही देव एकच आहे, तुमच्यासारखा. तूं निर्धास्त त्याचं नाव घे."

"तुमच्या एका देवाचं नाव काय?"

"नाव अजून ठेवलं नाही."

"त्याच्याशी कोणी भांडलंय? त्याच्यापुढं कोणी रडलंय?"

राणी म्हणाली, "नाही."

हन्ना म्हणाली, "राणी, देव एकच आहे असं मी मानते. मरेपर्यंत मानीन. पण तो मला माझ्या आईनं दिला, शिपायानं नाही. आमच्या मुलखात वर एक आभाळ, खाली एक वाळू. आम्ही एकालाच हाक मारायला शिकलो. तुमच्याकडं पावलोपावली झरा, झाड, डोंगर. तुमच्या आज्यापणज्या जिथं तगल्या तिथं तिथं त्यांनी हात जोडले. त्यांचं खरं की माझं, ते तो एक जाणे. तुझी लेक लहानपणी भ्याली म्हणजे कोणाला हाक मारायची?"

"साती आसरांना. नदीकाठीच वाढली ती."

"मग आज ती दात आवळून का पडलीय? तोंडात आलेली हाक गिळतेय, म्हणून अंग सोडत नाही. मी बाळ काढीन, पण तिची हाक तिला परत दे."

राणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "मी उतले, मातले, घेतला वसा टाकला." ती उठली, वात वळली, तेल घातलं. हन्नाला म्हणाली, "बाई, तूं आज माझी पाहुणी. तुझ्या देवाला मूर्ती नाही, मग त्याचा दिवा कुठं लावूं?"

हन्ना म्हणाली, "कोणापुढं नको. उंबऱ्यावर ठेव. त्याला दिसेल."

राणीनं उंबऱ्यावर दिवा ठेवला. मग आपल्या देव्हाऱ्यात लावला. दोघी सुइणींना निरोप धाडला, "आपापली नावं घेऊन या. शिक्षा झाली तर माझी." दोघी धावत आल्या. एकीनं मरीआईचा धावा केला, एकीनं आसरांचा, हन्नानं आपल्या भाषेत आपल्या देवाला विनवलं. राणी लेकीच्या कानाशी वाकली. "मालन, हाक मार." मालननं दात सोडले, "आसरांनो, धावा गं!" म्हणून हंबरडा फोडला. आणि बाळ आलं. मुलगी झाली.

राजा दाराशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. म्हणाला, "माझा हुकूम कोणी मोडला?"

राणी म्हणाली, "मी. नातीला पाहा, मग मला वेशीबाहेर काढा."

राजानं नातीला पाहिलं. राग उतरला, पण चिंता राहिली. म्हणाला, "आणि उद्या पुन्हा घाटावर माणूस मेलं तर?"

राणी म्हणाली, "नागोजी देवांपायी मेला नाही. आधी कोण, ह्यापायी मेला. कुंभारांची पालखी कोळ्यांनी उचलावी, कोळ्यांची कुंभारांनी. दुसऱ्याचा देव खांद्यावर असला म्हणजे माणूस पाऊल जपून टाकतं."

राजाला पटलं. त्यानं ती मोठी मूर्ती वितळवली. पण कोणाचा टाक कोणता, ते आता कसं ओळखावं? मग बायांनी वाटीवाटीनं रस वाटून घेतला, पुन्हा टाक घडवले. कुंभारांच्या मरीआईत आसरांचा अंश गेला, आसरांत बिरोबाचा गेला. कोणी हरकत घेतली नाही.

जत्रा आली. राणी बयजाकडं गेली. म्हणाली, "बयजा, तूं नको म्हणालीस तर पालख्या निघणार नाहीत."

बयजा म्हणाली, "निघूं दे. पण कुंभारांच्या देवाला माझे हात जुळत नाहीत, आई."

राणी म्हणाली, "नको जोडूस. त्याची सक्ती नाही." आणि तिच्यापाशी बसली.

इतक्यात तानुबाई कुंभारीण दाराशी आली. त्या रेटारेटीत तिचा लेक पुढं होता. तिच्या हातात नवा दिवा होता. म्हणाली, "बयजा, तुझ्या आसरांच्या नावानं आणलाय. ठेवूं का?"

बयजा उठली, तांब्या भरला, म्हणाली, "पाय धू. आत ये."

बाहेर पालख्या निघाल्या. कोळ्यांच्या खांद्यावर मरीआई, कुंभारांच्या खांद्यावर साती आसरा. कोणी घाई केली नाही.

हेमाईला जसा पाहुणा देव पावला, तसा तुम्हां आम्हां पावो. ज्याला एक त्याला एक, ज्याला अनेक त्याला अनेक, दिवा मात्र कोणाचा विझूं नये. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं सांगितली, ऐकणारीला सुफळ, सांगणारीला संपूर्ण.