पंपाचा एक आटा जास्त

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं हैबती नावाचा एक ड्रायव्हर राहायचा. त्याच्याकडे अठरा वर्षांची जुनी टर्बो डिझेल गाडी होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो शेजारच्या अनसूयाकाकूंना घाटावरच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यायचा. काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. एक खेप चुकली तरी जिवाशी गाठ.

गाडी गुणी होती, पण चढाला दमायची. नव्या गाड्या भुर्रकन पुढं जायच्या आणि हैबतीचा जीव जळायचा. शेवटी तो बशीर मिस्त्रींकडे गेला. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या कामात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

"चाचा, डिझेल वाढवून द्या. गाडी पळाली पाहिजे!"

मिस्त्रींनी पंपाचा स्क्रू पाव आटा पिळला. स्वतः शेजारी बसून गाडी घाटात नेली आणि आरशात धूर बघितला. मग स्क्रूवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. हात लावलेल्या प्रत्येक पंपावर ते अशी खूण करत.

"याच्या पुढं नाही. हवा जेवढी, तेवढंच डिझेल जळतं. वरचं नुसतं इंजिन तापवतं."

पण ऐकेल तो हैबती कसला! ‘चाचा म्हातारे झाले, भितात,’ असं म्हणत त्यानं घरी येऊन स्क्रू आणखी एक अख्खा आटा पिळला. गाडी अशी उधळली की विचारू नका. मागं काळाकुट्ट धूर. चौकातली मंडळी म्हणाली, "काय ताकद आहे राव!" काळा धूर म्हणजे ताकद, अशी त्या सगळ्यांची पक्की समजूत. धन्य ती मंडळी!

शुक्रवारी काकूंना घेऊन तो निघाला. घाटातल्या तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि गाडीची ओढच गेली. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागं काकूंना धाप लागलेली, पाय सुजलेले. हैबतीनं मिस्त्रींना फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

मिस्त्री रागावले नाहीत. "इंजिन लगेच बंद करू नकोस. दोन मिनिटं जागेवर चालू दे, टर्बो निवू दे. मग बंद करून अर्धा तास थांब. स्क्रू एक आटा मागं फिरवून माझ्या खुणेवर आण आणि सावकाश चढ."

थांबले दोघं. हैबतीनं पाण्याची बाटली पुढं केली. काकूंनी ओठ ओले केले आणि बाटली परत दिली.

"एवढंच? घसा कोरडा पडला असेल की!"

"पडलाय रे. पण मला दिवसाला मोजून तांब्याभर. वरचं पाणी बाहेर पडत नाही, छातीत साचतं. आधी डॉक्टरांचा फार राग यायचा. आता सहा वर्षं झाली, नातवंडं बघितली. रोज घोट मोजते आणि त्यांना मनातल्या मनात हात जोडते."

हैबती उठला आणि स्क्रू खुणेवर आणला.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू घाट चढली. पाऊण तास उशीर झाला, पण काकूंना मशीन लागलं आणि त्यांची धाप थांबली. हैबती दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी तो मिस्त्रींच्या पाया पडायला गेला.

"चाचा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"फोनवर दोन शब्द बोललो, त्याचे कसले उपकार?"

"फोनचे नाहीत. त्या दिवशी ‘याच्या पुढं नाही’ म्हणालात, त्याचे."

मिस्त्री हसले. "त्या दिवशी तर मनात शिव्या घातल्या असशील!"

"घातल्या, चाचा."

"खरं बोललास, फिटलं! बस, चहा घे."

तात्पर्य: जो आपल्याला वेळेवर ‘पुरे’ म्हणतो, त्याच्यावर रुसू नये, आपण सुखरूप आहोत ते त्याच्यामुळं, हे ओळखून त्याला हात जोडावेत.