आबांची भक्कम टाकी

कातळवाडीत आबासाहेब खानविलकरांचा शब्द कोणी मोडत नसे. त्यांच्या बंगल्याच्या उताराला सुमती गुरवची विहीर होती. त्या पाण्याला घाण वास येऊ लागला आणि महिन्याभरात तिची सून काविळीने अंथरुणाला खिळली. सुमतीने भर ग्रामसभेत सांगितलं, की आबांच्या संडासाची टाकी झिरपते.

आबा सावकाश उठले.

"खोटी ठरलीस, तर माझ्या आवारातून जाणारी तुझी वाट उद्यापासून बंद. आहे कबूल?"

सुमतीच्या घराला दुसरी वाट नव्हती. आजारी सुनेला दवाखान्यात न्यायचं तरी कुठून? तरीही ती म्हणाली, "कबूल. पण आधी मला थोडं विचारू द्या. टाकी किती वर्षांची?"

"अठरा. मी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय."

"घरात माणसं किती?"

"बारा."

"आणि टाकी उपसायला गाडी किती वेळा आणलीत?"

आबांनी छाती फुगवली. "एकदाही नाही. असं भक्कम काम आहे माझं."

"बारा माणसांची टाकी अठरा वर्षांत भरली नाही आबा, म्हणजे ती रोज कुठेतरी रिकामी होतेय," सुमती शांतपणे म्हणाली. "तुमच्या उताराला माझ्या विहिरीशिवाय दुसरं काय आहे, तेवढं सांगा."

सरपंचांनी टाकी उघडून तपासण्याचा ठराव लिहायला घेतला, आणि टाकीचे मालक म्हणून त्याखाली पहिली सही आबांनाच करावी लागली.