वाळूवरचं ऊन

फार जुन्या काळी, म्हणजे नेमकं कधी ते मलाही ठाऊक नाही, डोंगरांच्या खोबणीत एक गाव होतं. आठ महिने पाऊस आणि उरलेले चार महिने धुकं, असा तिथला कारभार. माणसं कपडे चुलीवर वाळवायची, धान्य चुलीवर वाळवायची आणि गारठा फार झाला की स्वतःही चुलीपाशी वाळत बसायची. त्यामुळे सगळ्या गावाला धुराचा वास यायचा. नवी सून आली की आठवडाभर शिंकायची, मग तिलाही सवय व्हायची.

उन्हाळा कसा असतो ते म्हातारी माणसं सांगत. त्यांच्या लहानपणी म्हणे एकदा महिनाभर ऊन पडलं होतं आणि अंगणात चालताना पाय भाजत होते. पोरं आ वासून ऐकायची. एखादं पोर हळूच विचारायचं, "पाय भाजले की बरं वाटतं का हो आजोबा?"

या गावात नदीचा एक राखणदार राहायचा. बायको बाळंतपणात गेलेली. घरात म्हातारी आई आणि एक लहान लेक. लेक जन्मापासून खोकायची. वैद्यबुवांनी काढे दिले, लेप लावले आणि शेवटी हात टेकले. "हिच्या छातीत ओल बसली आहे," ते म्हणाले. "पोटभर ऊन मिळालं तर पोर तगेल. माझ्याकडे ते औषध नाही." तेव्हापासून राखणदार रोज सकाळी दार उघडून आधी आभाळाकडे बघायचा आणि मग तोंड धुवायचा. बघून काय उपयोग? आभाळ रोज तेच, मळक्या गोधडीसारखं.

गावात मोकळी सपाट जागा एकच होती, नदीच्या पात्रातला वाळूचा पट्टा. कुणी तिथं उतरलं की राखणदाराने शिंग घेऊन वळणावरच्या उंच खडकावर बसायचं. वर डोंगरात पाऊस झाला की नदी कुणाला सांगून फुगत नाही. म्हणून वाडवडिलांनी नियम घालून दिला होता. पाणी गढूळ झालं की राखणदाराने विचार करत बसायचं नाही, शिंग फुंकायचं. आणि शिंग ऐकलं की खालच्यांनी हातातलं टाकून काठ गाठायचा.

एके सकाळी नवल घडलं. गावावर धुकं तसंच होतं, पण नदीवरचं आभाळ मोकळं झालं आणि वाळूवर लख्ख ऊन पडलं. सगळं गाव खाली धावलं. कुणी गोधड्या आणल्या, कुणी बियाण्याचं भात आणलं, कुणी नुसतीच पाठ उन्हाला देऊन बसलं. वाटेत एका शेजाऱ्याने राखणदाराला टोकलं, "आज तरी ते शिंग खुंटीला राहू दे की. ऊन पडलंय, पाणी येणार कुठून?" राखणदार हसला, पण शिंग घेऊन खडकावर जाऊन बसला.

त्याची आई नातीला कडेवर घेऊन वाळूच्या मधोमध घोंगडी टाकून बसली. वरून राखणदाराला दोघी स्पष्ट दिसत होत्या. लेकीने आधी डोळे मिटून घेतले. मग तळवे पुढे केले आणि ती हसली. हसली की तिला हमखास खोकला यायचा. राखणदाराने श्वास रोखून वाट पाहिली, पण खोकला आला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

डोळे पुसून त्याने नदीकडे पाहिलं. पाण्यात तांबूस गढूळपणा उतरला होता.

त्याचा हात शिंगाकडे गेला आणि तिथेच थांबला. 'वर कुठे म्हशी डुंबल्या असतील,' तो स्वतःशी म्हणाला. 'थोडं थांबून बघू.'

थोड्या वेळाने पाण्यावरून एक हिरवी फांदी वाहत आली. हिरवी फांदी आपल्या मनाने झाडावरून उतरत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण आता शिंग फुंकलं तर लेक परत धुक्यात जाणार. पुन्हा ऊन कधी पडेल? पुढच्या वर्षी? तोवर ती राहील का? तो एकच गोष्ट घोकत राहिला, अजून थोडंसं, अजून थोडंसं ऊन.

तेवढ्यात खाली त्याची आई उठून उभी राहिली. नदीचा आवाज बदललेला तिने ओळखला होता. कपाळावर हात धरून तिने खडकाकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने खूण करून विचारलं, काय रे, निघू का?

राखणदाराने हात वर केला आणि खाली दाबला. बस, असं त्याने सांगितलं.

आई पुन्हा बसली. मुलाचा शब्द होता, तिने शंका घेतली नाही.

मग घळीतून एकदम गार वारा आला आणि त्यामागून गडगडाट. राखणदाराने छाती फुटेस्तोवर शिंग फुंकलं. खाली एकच धावपळ उडाली. गोधड्या तिथेच राहिल्या, बियाणं तिथेच राहिलं. तरणी माणसं पोरांना उचलून काठावर चढली. म्हातारी नातीला घेऊन निघाली, पण तिचे गुडघे तिला साथ देईनात. पाणी पोटरीला लागलं, मग कमरेला. काठावरून तो शेजारी आडवा होऊन हात पुढे करत होता. म्हातारीने नातीला डोक्यावर उचलून त्याच्या हातात दिलं. त्याने पोर मागे सोपवली आणि पुन्हा हात पुढे केला, तेव्हा समोर नुसतं पाणी होतं.

राखणदार खडकावरून धावत खाली येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावावरचं धुकं विरलं. ऊन छपरांवर आलं, अंगणात आलं, उंबऱ्याच्या आत आलं. महिना उलटला तरी ते हटलं नाही. म्हातारी माणसं सांगायची तोच हा उन्हाळा. लेकीचा खोकला हळूहळू सुटला. ज्या एका सकाळच्या उन्हासाठी राखणदाराने शिंग रोखून धरलं, तसं ऊन आता घरोघरी कुणी न मागता पडत होतं.

एकदा अंगणात बापाच्या मांडीवर बसलेली असताना लेक म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी आजीला म्हटलं होतं, मला भीती वाटते, घरी जाऊ या."

"मग?" राखणदाराने कसंबसं विचारलं.

"आजी म्हणाली, बाबा बस म्हणतोय ना, मग कसली भीती?"

राखणदाराने तिला पोटाशी धरलं आणि तो हुंदके देऊन रडला. त्यानंतर तो त्या खडकावर कधी बसला नाही, आणि गावानेही त्याला बस म्हटलं नाही.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: हुकलेलं सुख पुन्हा दारी येतं, पण वेळेवर न दिलेला धोक्याचा इशारा मागाहून कितीही जोराने दिला तरी गेलेलं माणूस परत आणत नाही.