भोपळ्याच्या वेलाला नर पाहिजे

“नराला फळ धरत नाही, हे तूच म्हणालीस का नाही?”

“म्हणाले. पपईबद्दल म्हणाले.”

“मग भोपळ्याला वेगळा न्याय कशाला? लांब देठाची, खाली भोपळा नसलेली, सगळी नर फुलं खुडली. कळ्यासुद्धा सोडल्या नाहीत.”

असं छाती पुढं काढून सांगणारा सटवाजी धामणवळ गावचा. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात. धामणवळात एकच होता, त्यामुळे सगळं काम त्याच्या एकट्यावर पडायचं. ऐकून घेणारी त्याची बायको कोंडाबाई. सटवाजीची एक खोड होती, तो सांगितलेलं विसरत नसे. शहाणी माणसं विसरतात, म्हणून त्यांचे संसार चालतात.

कोंडाबाईच्या आईनं मरताना तिला भोपळ्याच्या सात बिया दिल्या होत्या. तसा भोपळा दुसऱ्या कोणाच्या परसात नव्हता. कोंडाबाईनं त्या मृगात पेरल्या. सटवाजी रोज सकाळी उकरून बघायचा, जागं झालं का म्हणून.

“अहो, मातीत घातलं की दहा दिवस हलवायचं नाही,” ती म्हणाली.

“बरं,” सटवाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या धुरपदाबाईची शेळी ओढ्याच्या चिखलात रुतली. सटवाजी काठावर बसून राहिला. धुरपदाबाई बोंबलत आली.

“बघता काय, दादा? काढा तिला.”

“आज पहिलाच दिवस आहे,” सटवाजी म्हणाला. “अजून नऊ आहेत.”

शेळी धुरपदाबाईनंच काढली. कोंडाबाईनं घरी त्याला फैलावर घेतलं. “चिखलात जीव अडकलेला दिसला की धरून ओढायचा. एवढंही कळत नाही?”

“आता कळलं.”

आठवड्यानं पाऊस झाला. परसात चिखल झाला आणि त्यात सात हिरवे जीव अडकलेले दिसले. सटवाजीनं एकेकाला धरून ओढलं. सहा बाहेर काढले. सातव्याच्या वेळी जेवायची हाक आली, म्हणून तो वाचला. भाकरीपुढं त्याला काही सुचत नसे.

कोंडाबाईनं ती सहा रोपं गोळा केली, सगळ्यांची मुळं तुटली होती. मग तिनं त्याला नीट समजावलं. “मुळं मातीतच पाहिजेत. मुळं पाणी पितात आणि वर पाठवतात. पानं उन्हात बसून स्वयंपाक करतात. झाडाला कोणी ताट वाढत नाही.”

“बिनचुलीचा स्वयंपाक?”

“बिनचुलीचा. तुम्ही फक्त पाणी तळाशी घालत जा. वर आपोआप चढतं.”

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं वेलांकडं बघून तिला कळलं होतं. शिकलेल्यांना पुस्तकातून कळतं, तेही परीक्षेपुरतं.

त्याच दुपारी तिचा भाऊ रखमाजी सहा कोस चालत आला. ओट्यावर टेकला. “दाजी, पाणी द्या.”

सटवाजीनं तांब्याभर पाणी त्याच्या पायांवर ओतलं. पाहुण्याचे पाय धुतातच, रखमाजी खूश झाला. “आता प्यायला द्या.”

सटवाजीनं दुसरा तांब्या ओतला. मग तिसरा.

“दाजी, घसा कोरडा पडलाय.”

“दम धरा, पाहुणं. तळाशी घातलंय. चढेल वर.”

असं करत पावसाळा सरला. एकच वेल उरला होता, पण मांडवभर पसरला. त्याची दोन मादी फुलं आधीच गळाली होती. आज सकाळी तिसरं उमललं होतं, शेवटचं. फुलाखाली लिंबाएवढा भोपळा होता. तो धरला तर आईचं बियाणं राहणार होतं, नाहीतर संपणार होतं. आणि कालच, जागा अडवतात म्हणून, कोंडाबाईनं नवऱ्याकडून नर पपया तोडून घेतल्या होत्या.

“अहो, नराला फळ धरत नाही, पण नरावाचूनही धरत नाही,” ती आता म्हणाली. “नराच्या फुलातली पिवळी पूड या फुलात पडली पाहिजे. मधमाश्या तेच करतात. ऊन वर आलं की हे मिटणार. खुडलेली फुलं कुठं आहेत?”

“म्हशीला घातली.”

“सगळी?”

“एक गावदेवीला वाहिलं.”

कोंडाबाई पळत सुटली. पळता पळता मागं वळून ओरडली, “वेलाजवळ नर लागतोच, एवढं तरी ध्यानात ठेवा.”

देवीपुढं तिनं हात जोडले. “आई, तुझ्याकडं फुलं पुष्कळ येतात. एवढं मला परत दे.” देवीनं नाही म्हटलं नाही. ती फूल ओंजळीत धरून परत आली, आणि परसाच्या दारातच थांबली.

वेलाशेजारी खड्डा होता. त्यात सटवाजी गुडघ्यापर्यंत माती ओढून ताठ उभा होता. स्वतःच्या पायाशी तांब्यानं पाणी घालत होता.

“हे काय?”

“वेलाजवळ नर लागतो म्हणालीस. गावात दुसरं कोण रिकामं आहे?”

 कोंडाबाईनं आधी हातातल्या फुलाच्या पाकळ्या काढल्या, आतला दांडा मादी फुलात हलक्या हातानं फिरवला, पिवळी पूड नीट लागल्याचं बघितलं, मादी फुलाच्या पाकळ्या मिटवून दोऱ्यानं बांधल्या. मग नवऱ्याकडं वळली.

“निघा बाहेर.”

“मातीत घातलं की दहा दिवस हलवायचं नाही.”

“अहो, लोक बघतील.”

“बघू देत. मुळं मातीतच पाहिजेत. तूच सांगितलंस.”

तिनं धरून ओढलं. तो हलला नाही. धुरपदाबाई शेळीलाही बघायला घेऊन कुंपणाशी आली. तेव्हा कोंडाबाईनं पदर खोचला आणि एकच वाक्य बोलली. ते ऐकून सटवाजीचा उजवा पाय आधी बाहेर आला, मग डावा. ती म्हणाली, “राहा उभे, पानं फुटली की उन्हात तुमचा स्वयंपाक तुम्हीच करा, मी आजपासून एका माणसाच्याच भाकरी थापणार आहे.”