रक्तपेढीची हरवलेली डिस्क

“...म्हणजे डिस्क गेलीच का, चाचा?” सुव्रतने विचारलं.

दस्तगीर चाचा नुकतेच येऊन पोचले होते. खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला.

मिरजेतल्या त्या दवाखान्याची रक्तपेढी सकाळपासून ठप्प होती. कोणती पिशवी तपासलेली, कोणती नाही, सगळ्या नोंदी एका लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे मोठ्या संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर, आणि ते कोसळलं होतं. दवाखान्याचे संगणक बघणाऱ्या सुव्रत आवटीने बॅकअपमधून ते नव्याने उभं केलं, पण ते काही उठेना. वर एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. नोंद डोळ्यांनी बघितल्याशिवाय पिशवी देणार नाही, असं डॉक्टर शिरगुप्पेबाईंनी निक्षून सांगितलं होतं.

एरवी सुव्रतचा रुबाब काय वर्णावा! “डिस्कच्या नावावर कसला भरवसा ठेवता? नाव आज एक, उद्या दुसरं. तिचा ओळख नंबर मशीनला शिकवा. नंबर कधी बदलत नाही.” अशी व्याख्यानं तो ऑफिसात ऊठसूट द्यायचा. ही विद्या त्याला चाचांनीच दिलेली, पण तेवढं मात्र तो अलीकडे सांगायला विसरत असे. आज तोंडचं पाणी पळालं, तेव्हा चाचा आठवले.

“मशीन काय म्हणतंय?” चाचांनी विचारलं.

“वाट बघतंय. त्या नंबरची डिस्क येऊ दे, मग उठतो म्हणतंय.”

“मग?”

“येतच नाही हो! दोनदा बॅकअप भरला, दोनदा तीच रड. आता डिस्क पुसतो आणि परत भरतो.”

“किती वेळ जाईल?”

“दुपार होईल...”

“आवटी, दुपारपर्यंत ती बाई राहायची नाही.” शिरगुप्पेबाई दारातूनच म्हणाल्या आणि तशाच वर धावल्या.

सुव्रतने डिस्क पुसायची आज्ञा टाइप केली. त्याचा हात एंटरकडे गेला. चाचांनी तो हात उचलला, त्याच्याच मांडीवर ठेवला. मग उठले आणि चक्क बाहेर निघून गेले. जाताना दार लोटून घेतलं.

गेले! म्हातारा वैतागला बहुतेक. आता विचारायचं कुणाला?

टक टक.

“कोण आहे?”

परत टक टक.

“अहो, कोण आहे? बोला की!”

दार उघडलं. चाचाच होते.

“‘शिरगुप्पेबाई, या’ अशी हाक का नाही मारलीस?”

“बाहेर कोण आहे ते मला काय ठाऊक!”

“ठाऊक नव्हतं, म्हणून विचारलंस.” चाचांनी स्क्रीनकडे बोट केलं. “इथं एकदा तरी विचारलंस?”

“इथं काय विचारायचं? नंबर मला पाठ...”

तो मध्येच थांबला.

त्याने मशीनला विचारलं, तुला आत्ता कोणत्या डिस्क जोडल्यात, त्यांचे नंबर सांग. उत्तर लगेच आलं. डिस्क तिथंच होती, सगळ्या नोंदींसकट धडधाकट. बॅकअप नव्या डिस्कवर उतरला होता आणि तिला नवा नंबर मिळाला होता. मशीन मात्र सुव्रतने शिकवलेला जुना नंबर धरून बसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! तिसऱ्यांदा भरली असती, तर आणखी वेगळा नंबर आला असता.

सुव्रतने नवा नंबर लिहिला. मशीन उठलं. नोंदी दिसल्या आणि पिशव्या वर गेल्या.

मग नुसतं बसून राहणं आलं. वरून फोन आला तेव्हा सुव्रतला तो उचलवेना, चाचांनी उचलला.

“रक्त थांबलं. शुद्धीवर आहे,” ते फोन ठेवून म्हणाले. “शिरगुप्पेबाई म्हणाल्या, आता तासभर नोंदी लागणार नाहीत.”

सुव्रतच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसेपर्यंत छाती पुन्हा फुगलीच. “नशीब चाचा, मी इथं होतो. नाहीतर हे मशीन कुणाच्या बापाला उठवता आलं नसतं.”

“बंद कर.”

“काय?”

“मशीन. बंद करून परत चालू कर.”

“आत्ता? अहो, कसंबसं उठलंय! परत नाही उठलं तर...”

“बटण दाब, आणि माझ्याबरोबर बाहेर चल.”

“मी बाहेर? मग त्याला उठवणार कोण?”

चाचांनी पायात चपला सरकवल्या.

“तेच बघू. तू नसताना आपलं आपण उठतं का.”