न जुळणारी मापे

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकत, वीरकेतू नावाचा राजा होता. एके दिवशी त्याच्या दरबारी भुजंगनाथ नावाचा ठेंगणा मांत्रिक आला. राजा म्हणाला, "याला मोजायला गज कशाला? वीत पुरे." सारा दरबार हसला.

मांत्रिक हसला नाही. "राजा, आजपासून तुझ्या राज्यात एक माप दुसऱ्याशी जुळणार नाही," एवढे बोलून तो काळ्या डोंगरावर निघून गेला.

शाप फळला. दारे चौकटीत बसेनात. सकाळी शेरभर मोजलेले तांदूळ दुपारी पाऊणशेर भरत. सदरा शिवावा तर एक बाही कोपरापाशी संपे, दुसरी बोटांखाली लोंबे. लोक आधी चिडले, मग एकमेकांना लबाड म्हणू लागले. अशात धाकटा राजपुत्र तापाने पडला.

राजवैद्य म्हणाले, "औषध जहाल आहे. गुंजभर दिले तर तारील, दोन गुंजा दिले तर मारील. आणि माझी गुंज आज केवढी, मला ठाऊक नाही."

राजकन्या हेमांगी उठली. "मी शाप उतरवून आणते."

तिची साळुंकी सोबत निघाली. डोंगराची वाट मायावी होती. साळुंकीने "किती उरली?" विचारले, की वाट कोसभर लांबे.

"आता विचारू नकोस," हेमांगी म्हणाली. पायांना फोड आले तरी ती मुकाट चालत राहिली, आणि वाट संपली.

शिखरावरच्या तळ्याकाठी भुजंगनाथ बसला होता. त्याने रांजण दाखवला. "हा भर."

पाणी ओतावे तसा रांजण वाढे. हेमांगीने तो लोटत लोटत तळ्यात बुडवला. आत पाणी, बाहेर पाणी. रांजण काठोकाठ भरला.

मांत्रिकाने तराजू मांडला. एका पारड्यात काळा दगड होता. "हा माझा अपमान. तोल साध."

तिने अंगावरचे दागिने काढून दुसऱ्या पारड्यात टाकले. स्वतः पारड्यात बसली. पारडे हलले नाही.

"हा भार माझ्याने तोलला जायचा नाही," ती साळुंकीला म्हणाली. "तातांना सांग, स्वतः या."

राजा आला. मुकुट उतरवून त्याने पारड्यात ठेवला. तरी पारडे हलेना. तेव्हा तो मांत्रिकापुढे वाकला.

"भुजंगनाथा, भरल्या दरबारात मी तुला हिणवले. माझे चुकले."

दोन्ही पारडी समान झाली. मांत्रिकाने डोळे पुसले. "जा. मुलाला औषध द्या."

वैद्यांनी गुंज दोनदा तोलली. दोन्ही वेळा ती तेवढीच भरली. पहाटे ताप उतरला, आणि राजपुत्राने पेज मागितली.

त्या राज्याचा तोल जसा सावरला, तसा ऐकणाऱ्याचा आणि सांगणाऱ्याचाही सावरो.